मागखोली

एकोणतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी खोट्या कागदावर कधी सही केली नाही. दौऱ्याची बिलेसुद्धा खरी भरत असे, त्यामुळे माझ्याबरोबर दौऱ्यावर यायला खात्यात कोणी तयार नसे. असा मी, जागेश्वर सोनकुसरे, हेड क्लार्क. माझे एकच प्रतिज्ञापत्र आयुष्यात खोटे ठरले, आणि तेही आईच्या पायांमुळे. करताना ते अगदी खरे होते. हे मी बऱ्याच जणांना समजावून सांगितले आहे. आता सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मुळात मला घर बांधायचेच नव्हते. पण आई उमरेडला एकटी राहत होती. वडील गेल्यापासून ती आणि तिचा हातमाग, असे दोघेच. मागाचे मी कोणाला सांगत नसे. हेड क्लार्कच्या आईने या वयात लुगडी विणावीत हे खात्यात बरे दिसत नाही, असे मला तेव्हा वाटे. कोणी विचारलेच तर "आई गावाला असते" एवढ्यावर भागवत असे. मग एका वर्षी ती न्हाणीत घसरून पडली आणि चार दिवस तिने ते कोणाला कळू दिले नाही. कळले तसा मी जाऊन तिला नागपूरला घेऊन आलो. आमचे भाड्याचे बिऱ्हाड सदरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली; आणि महिना एप्रिल. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने पिशवी भरली.

"हे घर नोहे, जागेश्वर. हे फुटाण्याची भट्टी हाये. मी काही चना नोहे."

"आई, मी घर बांधतो. मग त येशील?"

"बांध. जीव रमला त राहीन. नाही रमला त उमरेडची बस कुठून सुटते, मले ठाऊक हाये."

तेव्हा हे सगळे आईसाठी होते, हे ध्यानात ठेवा. पुढे पुढे माझ्याच ध्यानात राहत नसे.

वर्धा रोडच्या बाजूच्या एका लेआऊटमध्ये माझा प्लॉट पडून होता. घर कसे हवे हे डोक्यात पक्के होते. आमच्या साहेबांचा रामदासपेठेत बंगला आहे; गोल बाल्कनी, पुढे पोर्च, गेटच्या खांबावर सिमेंटच्या अक्षरांत नाव. तसेच, फक्त लहान. पण आस्थापना शाखेचे अधीक्षक महादेवराव यांची मुलगी पुष्पलता आर्किटेक्ट होऊन नुकतीच परत आली होती आणि तिला बांधायला पहिले घर हवे होते. माझा गोपनीय अहवाल महादेवराव लिहीत. ते म्हणाले, "सोनकुसरे, पोरीले एक चान्स देऊन पाहा." मी पाहिला.

पुष्पलता प्लॉटवर आली आणि दोन तास नुसती उभी राहिली. सकाळी आली, दुपारी आली, पुन्हा संध्याकाळी आली. मग म्हणाली, "काका, घर कसं असावं हे आपण ठरवायचं नसतं. जागा ठरवते. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, रस्ता किती ओरडतो, हे सगळं घरानं ऐकलं पाहिजे."

मी म्हटले, घराने थोडे माझेही ऐकावे. हे तिने वहीत लिहून घेतले, पण पुढे नकाशात ते कुठे दिसले नाही.

प्लॉटच्या बरोबर मधोमध एक कडुनिंब होता. म्हणजे माझ्या मनातल्या ड्रॉइंगरूमच्या मधोमध. तोडायला मी माणूसही ठरवला होता. पुष्पलता म्हणाली, "तो आधीपासून राहतोय इथं. नवे तुम्ही आहात." ठरवलेला माणूस कुऱ्हाड घेऊन आला, निंबाच्या सावलीत बसून त्याने दोन विड्या ओढल्या आणि तिचेच म्हणणे बरोबर आहे म्हणून निघून गेला.

मग तिने "घर कोणासाठी?" असे विचारले. आईसाठी म्हटल्यावर "मग आधी आजींना भेटायला हवं" म्हणाली. मी तिला उमरेडला घेऊन गेलो. आईचा माग ज्या खोलीत, ती खोली जमिनीपेक्षा हातभर खाली, मातीच्या भिंती, वर कौले, म्हणजे आमचे कवेलू, पश्चिमेला खिडकी नाही. मागासमोर जमिनीत एक चौकोनी खड्डा. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबतो. बाहेर उन्हामुळे पक्षी झाडावरून खाली यायला तयार नव्हते आणि आत गारव्याने पुष्पलताने अंगाभोवती पदर घेतला.

"आजी, खोली खाली का हो?"

"कोरड्या हवेत सूत तुटते, बाई. खाली ओल राह्यते, त धागा नरम राह्यते. मानसाचंही तसंच हाये."

पुष्पलता टेप घेऊन जमिनीवर अक्षरशः आडवी झाली. भिंत मोजली, खड्डा मोजला, आईचे गुडघ्यापासून पायही मोजले. परतताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोट्टी हुशार हाये. तू याच खोलीत लहानाचा मोठा झाला, पन खोली खाली काहून, हे तुनं कधी इचारलं नाही." मी बस पकडली.

नकाशा झाला. घर निंबाला वळसा घालून गेलेले. वर स्लॅबच्या ऐवजी उतरते कवेलू. पश्चिमेची अख्खी भिंत जाड आणि आंधळी, खिडकीचे नाव नाही. आणि मधोमध, निंबाच्या सावलीत, पाच पायऱ्या उतरून एक खोली. बाल्कनी, पोर्च काहीच नाही. मी फक्त माझ्या नावाची पाटी कुठे आहे ते शोधत होतो. ती सापडली नाही, त्या निराशेत बाकीचे न वाचता सही केली. लिहिलेले न वाचता मी केलेली ती एकमेव सही.

पहिला स्फोट पश्चिमेला झाला. तिकडे चंपतराव राहत. काटोलकडचे शेतकरी, मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात घर बांधलेले, स्वभावाने मोकळे आणि आवाजाने त्याहून मोकळे. आमची भिंत छातीपर्यंत आली तेव्हा ते आले आणि भिंतीकडे पाहत राहिले.

"खिडकी कुठी हाये गा?"

"इकडे खिडकी नाही. दुपारचं ऊन..."

"म्हंजे तुमी माह्या घराकडं पाठ करून राहिले?"

"तुमच्याकडे नाही चंपतराव, उन्हाकडे."

"ऊन काय माह्या घरातून निंगते?"

भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर दुपारी तीननंतर ते खरोखरच त्यांच्या घराच्या डोक्यावरून येई, पण हे मी बोललो नाही. त्यांच्या पत्नी जिजाबाई अनुसयेला (ही आमची सौभाग्यवती) म्हणाल्या, "सोयरा रुसला तरी तोंड दाखवते वं, तुमचं घर त पाठच दाखवते." त्या दिवसापासून बोलणे बंद. आणि अडचण अशी, की आमच्या बांधकामाचे पाणी त्यांच्याच विहिरीवरून येत होते. मग रोज सकाळी मी अबोल्यात पाणी मागायचे आणि त्यांनी अबोल्यात ते द्यायचे, असे तीन महिने चालले.

आमचा मिस्त्री देवाजी. त्याला या भांडणाचे फार वाईट वाटे. एक दिवस मी कचेरीतून येतो तो पश्चिमेच्या भिंतीत एक सुंदर खिडकी! देवाजी म्हणाला, "साहेब, शेजार मोठा की ऊन मोठं?" दुसऱ्या दिवशी पुष्पलताने ती बुजवायला लावली. तिसऱ्या दिवशी चंपतराव सगळ्या लेआऊटला सांगत होते, की सोनकुसऱ्यांनी उघडलेली खिडकी आपल्या तोंडावर बंद केली. सल्ला द्यायला मग सगळेच येऊ लागले. एकाने खालच्या खोलीत पावसाचे पाणी भरेल म्हणून सांगितले आणि खोली भरली की नाही ते पाहायला तो जुलैत रोज येई. एकदा गुडघाभर भरली तेव्हा त्याला झालेला आनंद माझ्याने बघवला नाही. पुष्पलताने नाली फिरवून पाणी निंबाच्या मुळाशी काढून दिले, तेव्हा तो येईनासा झाला.

पण हे सगळे किरकोळ. खरी गोष्ट त्याआधीची, नकाशा मंजुरीची, ती सांगायचीच राहिली. ते कार्यालय कोणते हे सांगत नाही. तिथे माझी एक फाईल अजून आहे. तिथले निरीक्षक श्रावण धकाते. धकाते आणि सोनकुसरे ही दोन आडनावे उमरेडला एकमेकांच्या अंगणात सूत वाळत घालतात. टेबलावरच्या पाटीवर मी त्यांचे नाव वाचले, नकाशावर त्यांनी माझे वाचले, आणि मग आम्ही दोघांनीही एकमेकांना अजिबात ओळखले नाही. ते टायमध्ये होते. मी बुशशर्टात, पण खिशाला दोन पेने.

त्यांनी नकाशावर बोट ठेवले. "हे काय?"

तिथे, मधल्या खालच्या खोलीवर, पुष्पलताने सुबक अक्षरांत लिहिले होते: मागखोली. आईचा शब्द तिने जसाच्या तसा उचलला होता.

"मागची खोली," मी म्हणालो. "'ची' राहून गेला, साहेब."

"मागची खोली घराच्या मधोमध?"

"घर तसं चारी बाजूंनी मागंच आहे. ही आर्किटेक्ट नवी आहे."

"माग म्हणजे हातमाग. निवासी लेआऊटमध्ये उद्योग चालत नाही."

"साहेब, कोणीही वाचलं तर मागची खोली असंच वाचेल. हातमाग तुमच्याच कसा लक्षात आला?"

धकात्यांनी टाय सैल केला, पुन्हा घट्ट केला. "ऐकून आहे," ते म्हणाले. मग त्यांचे बोट खोलीतल्या एका छोट्या चौकोनावर आले. "आणि हे?"

"कुंडी. तुळशीची."

"जमिनीत? दोन पाय मावतील एवढीच?"

जो माणूस नुसता ऐकून आहे, त्याला त्या चौकोनात किती पाय मावतात हे कसे ठाऊक, असे मी विचारू शकलो असतो. पण मग त्यांनी मला विचारले असते. आम्ही दोघे अधिकारी माणसे, एकमेकांची अब्रू सांभाळून पुढच्या कागदाकडे वळलो.

उद्योग नाही असे उद्योगवाल्यांकडून आणा, असा शेरा पडला. उद्योगवाले म्हणाले, कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत विचारा. बसने कळमेश्वरला गेलो. तिथला माणूस इतका सज्जन निघाला, की त्याने चहा पाजला, वसाहतीतला मोकळा प्लॉट दाखवला आणि वीस यंत्रमागांचा अर्ज भरायला मदतही केली. मला एकही माग नको आहे हे त्याला पटेना. "बाहेर असंच सांगावं लागते," तो हळूच म्हणाला, "आमी समजतो." तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. एका बाजूने कोरा आहे, टाकवत नाही.

शेवटी धकाते म्हणाले, प्रतिज्ञापत्र करा. स्टॅम्पपेपरवर मी शपथेवर लिहून दिले: सदर घरात माग नाही, पूर्वी नव्हता व पुढेही राहणार नाही, तसे आढळल्यास सदर खोली मुरूम टाकून बुजवण्यास माझी हरकत राहणार नाही. घरच नव्हते, तेव्हा माग नव्हता हे सांगायला मला काहीच जड गेले नाही. धकात्यांनी लाल शाईने तो छोटा चौकोन खोडला. 'मागखोली'वरही रेघ ओढली, जरा हळू.

घर झाले. मार्चअखेर आईला आणले. ती चपला काढून घरभर फिरली. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून "जाड हाये, बरं केलं" म्हणाली. निंबाकडे बराच वेळ पाहिले. मग भिंतीला धरून पाच पायऱ्या उतरली, खोलीच्या मध्यावर उभी राहिली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की नऊ महिन्यांचा शीण माझ्या अंगातून उतरला. हे मी उगाच सांगत नाही. मला खरोखरच रडू येईल असे वाटले.

मग तिने खाली पाहिले. सपाट फरशी.

"खड्डा कुठी हाये?"

मी प्रतिज्ञापत्र समजावून सांगितले. शपथ, मुरूम, लाल शाई, सगळे. तिने ऐकून घेतले.

"मंग मी पाय कुठी सोडू?"

"आई, आता कशाला विणायचं? डोळ्यांना दिसत नाही. बस आरामात."

"बसूनच त विनते गा. मी उभ्यानं कधी विनलं?" ती पायरीवर बसली. "पन्नास वर्षं पाय खाली सोडून बसली मी. मांडी घालून बसली, का पाव्हनी आल्यासारखं वाटते."

रविवारी आली होती, मंगळवारी पिशवी भरली. बस कुठून सुटते हे तिला खरेच ठाऊक होते. मी स्टँडवर तिला खिडकीशी बसवून दिले आणि तिथून तडक कचेरीत गेलो. महादेवरावांनी विचारले, "घर आवडलं का आईले?" मी म्हणालो, फार.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून आलो, तर दारात मातीचा ढीग आणि अनुसया पदर खोचून उभी. खालच्या खोलीत देवाजी कमरेपर्यंत जमिनीत. बाजूला पुष्पलता आईच्या पायांचे ते जुने माप हातात घेऊन वाकून पाहत होती.

"हे काय चाललं आहे?"

"तुळशीची कुंडी," अनुसया म्हणाली. "तुमीच त सायबाले सांगितली होती."

"मी शपथेवर लिहून दिलं आहे!"

"तुमी दिली शपथ. देवाजीनं कुठी दिली?"

आणि त्या शनिवारी उमरेडच्या बसच्या टपावर बसून आईचा माग नागपुरात आला, आणि त्याच बसमध्ये खिडकीशी बसून आई. तो उतरवायला मला माणूस मिळेना. शेवटी अबोला सोडून चंपतराव धावले, कारण त्यांना काय आले आहे ते पाहायचे होते.

एप्रिल उलटला. मे लागला. चंपतरावांचा कूलर ड्रमभर पाणी पिऊन गरमच वारा फेकत होता, आणि वीज गेली की तोही नाही. एक दिवस जिजाबाई आईला विचारायला आल्या, की कांद्याचे लोणचे कसे घालता, आणि संध्याकाळपर्यंत वर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी चंपतराव त्यांना शोधायला आले. तिसऱ्या दिवसापासून ते दोघे दुपारचे जेवण झाले की उशा घेऊनच येत. "पाठ केली ते बरं केलं गा," चंपतराव भिंतीला टेकून म्हणत, "ह्या पाठीमागं थंडं लागते." मी कचेरीच्या पंख्याखाली घामाने भिजायचो आणि माझ्या घरात चंपतराव घोरत असत. असा न्याय आहे.

आता राहिला पूर्णत्वाचा दाखला. तो मिळाल्याशिवाय नळ नाही. मी मुद्दाम पावसाळ्यापर्यंत थांबणार होतो, पण अर्ज खड्डा व्हायच्या आधीच करून ठेवलेला, आणि सरकारी काम नको तेव्हा वेळेवर होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी दोनला, धकाते दारात. सायकलवरून आलेले, टाय नाही, डोक्याला ओला रुमाल.

मी त्यांना स्वयंपाकघर दाखवले. पुन्हा एकदा स्वयंपाकघर दाखवले. संडासाची टाकी दाखवली, तिचे झाकण उघडून दाखवले. त्या वेळी निंबाच्या मागून आवाज यायला लागला. खट्‌-खटाक. खट्‌-खटाक.

"शेजारी," मी म्हणालो. "सुतारकाम."

"शेजारच्या बाजूला तुमच्या भिंतीला खिडकी नाही ना? मग आवाज आत कुठून येतो?" धकाते म्हणाले, आणि सरळ पाच पायऱ्या उतरले.

मी त्यांच्या मागे. डोळ्यांपुढे मुरमाची गाडी. एकोणतीस वर्षे, एकही मेमो नाही, आणि आता शपथेवर खोटे. पण खरे सांगतो, त्या पाच पायऱ्यांवर मला नोकरीची धास्ती वाटली नाही. मुरूम पडला की आई कोणती बस पकडेल एवढेच डोक्यात होते.

आई मागावर होती. कोपऱ्यात चंपतराव आणि जिजाबाई गाढ झोपलेले. आईने डोळ्यांवर हात धरून वर पाहिले.

"कोन हाये?"

"धकाते," साहेब म्हणाले.

"धकाते? उमरेडचा? कोनाचा गा तू?"

धकात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी निंबाकडे पाहिले.

"ताराचंदचा," ते हळूच म्हणाले.

"ताराचंदचा पोट्टा! तुह्या बापाचा माग आमच्या भिंतीपलीकडं होता. ये, बस. हा धागा तुटला पाह्य, मले दिसून नाही राह्यलं. जोडून दे."

साहेबांनी बूट काढले. मोजेही काढले. काठावर बसले, पाय खड्ड्यात सोडले, आणि त्यांच्या तोंडून एक असा सुस्कारा निघाला, की जिजाबाई जाग्या झाल्या. दोन टोके चिमटीत धरून, बोटाला थुंकी लावून, डोळ्यांनी न पाहता त्यांनी गाठ मारली. आईने पावडी दाबली. गाठ फणीतून सुळकन पार झाली.

अर्ध्या तासाने वर येऊन त्यांनी ओट्यावर कागद ठेवला आणि अहवाल लिहिला. मी खांद्यावरून वाचला: "मागची खोली पाहिली. हवेशीर आहे. हरकत नाही."

"साहेब," माझ्या तोंडून निघून गेले, सवयच वाईट, "ती मधोमध आहे."

"सोनकुसरे," ते म्हणाले, "'ची' राहून गेला होता ना? तो मी घातला." आणि रुमाल पुन्हा ओला करून घेऊन गेले.

मी खाली गेलो. आईशेजारी काठावर बसलो. आईने विणणे थांबवले नाही.

"सायेब चांगला हाये," ती म्हणाली. "बापाच्या हाताची गाठ हाये त्याची. तुह्यी त एकही कधी टिकली नाही. उगाच नाही मी तुले शिकाले पाठवलं."

महादेवरावांनी माझे एकोणतीस गोपनीय अहवाल लिहिले असतील. आई बोलली तितके खरे त्यांना एकदाही लिहिता आले नाही.